सोमवारची मापं

शनिवार, १ फेब्रुवारी

आलो एकदाचा! दोन ट्रंका, एक वळकटी आणि मी, सगळे धड पोचलो. खोली दवाखान्याच्या बरोब्बर वर आहे. जिना उतरला की कामावर, जिना चढला की घरी. खिडकीशी लोखंडी खाट, भिंतीत एक कपाट, आणि नळाला चक्क दिवसभर पाणी. समोर कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. दुकानदारानं मला पाहून आपणहून हात केला. माणसं चांगली दिसतायत.

ही नोकरी अशी घरबसल्या चालून येईल असं वाटलं नव्हतं. मी अर्जसुद्धा केला नव्हता. पत्रच आलं, की आपल्या कामाबद्दल ऐकून आहोत, सांध्यांच्या व्यायामासाठी माणूस हवा आहे, यावं. म्हणजे आपली कीर्ती इथवर पोचली! छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. टोपणनावं मात्र झटकन सुचतात. इथल्या मुख्य बाई साठीच्या आहेत, बारीक, ताठ, आणि गळ्यात कायम कोनमापक अडकवलेला. कोनमापक म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन पट्ट्या. सांधा किती अंश हलतो ते त्यानं मोजतात. तेव्हा त्या झाल्या मोजपट्टीबाई. दुसरा मदतनीस. पन्नाशीचा गडी, मान अजिबात वळत नाही, कुणी हाक मारली की अख्खा वळतो. तो झाला खांब. त्याला सांगितलं तर हसला बिचारा.

ही वही आजच उघडली. दोन वर्षांपूर्वी जुन्या इस्पितळात एका पेशंटनं दिली होती. बाइंडिंगच्या कारखान्यात होती ती. उजवा हात दाबयंत्रात सापडला होता. वही तिनं हातानं शिवलेली, निळ्या दोऱ्यात, पण टाके इतके वाकडे की मी तिचं नाव टाकेवाली ठेवलं. देताना म्हणाली होती की बाइंडर आपलं नाव आतल्या पुठ्ठ्यावर लिहितो आणि वरून कागद चिकटवतो, वही फाटल्याशिवाय ते दिसत नाही. मी म्हटलं, मग उपयोग काय त्याचा! बिचारीचं पुढे वाईट झालं. पण आजच्या छान दिवशी ते नको.

सोमवार, ३ फेब्रुवारी

इथे एक मजेशीर पद्धत आहे. दर सोमवारी, पहिला पेशंट यायच्या आधी, आम्ही तिघं एकमेकांचे सांधे मोजतो. बाई म्हणतात, निरोगी सांधा हाताला आठवत राहिला पाहिजे. मोजणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा आणि ज्याचं माप त्यानं स्वतः भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. बाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे.

बाईंनी माझा खांदा, कोपर, मनगट, बोटं, अंगठा, सगळं मोजलं. खांदा एकशे ऐंशी, कोपर एकशे पंचेचाळीस. पाठ्यपुस्तकात छापावं असं शरीर आहे माझं. मग मी खांबाला मोजायचं होतं. आता एवढ्यासाठी पट्ट्या लावत कोण बसणार? माझी नजरच कोनमापक आहे. लांबूनच सांगितलं, खांदा एकशे सत्तर. खांबानं लिहिलं. बाईंनी ओल्या फडक्यानं तो आकडा पुसला आणि स्वतः जाऊन मोजला. एकशे बावीस निघाला. जरा ओशाळलो, पण खांदे त्याच्या शर्टात नीट दिसत नव्हते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कामात रमलोय. आज एका निवृत्त गणिताच्या मास्तरांना गुडघा समजावून दिला. गुडघा आणि कोपर म्हणजे दाराची बिजागरी, एकाच दिशेनं उघडझाप. खांदा आणि खुबा म्हणजे उखळीतली मुसळी, पुढे, मागे, बाजूला, गोल, कशीही फिरव. मानेत खिळीचा सांधा, म्हणून नाही म्हणता येतं. आणि अंगठ्याच्या बुडाशी खोगीर. त्या खोगिरावर बसून अंगठा चारी बोटांना भेटायला जातो, म्हणून माणूस सुई धरतो, बटण लावतो, सही करतो. मास्तर म्हणाले, म्हणजे खोगीर गेलं की माणूस गेला. मी म्हटलं, अगदी बरोबर, पैकीच्या पैकी गुण!

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, शिकवता छान. मी मनातल्या मनात खूश.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी उठलो तर दोन्ही हात खांद्यातून वर जाईनात. दुखत नाही, सूज नाही, नुसते अडतात, कुणीतरी वरून धरल्यासारखे. झोपताना अवघडलो असणार. खाटही जरा कडकच आहे.

बाईंनी पट्ट्या लावल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, चाळीस. एकशे ऐंशीवरून चाळीस! मी तक्त्यावर लिहायला गेलो तर हात पुरेना म्हणून खांबानं तक्ता उतरवून माझ्यापुढे धरला. बाईंना मी शेक घेऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, घ्या की. आवाजात काळजीचा लवलेश नव्हता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शेक झाला, तेल झालं, माझेच सगळे व्यायाम मी माझ्यावर करून पाहिले. चाळीस म्हणजे चाळीस. केस विंचरता येत नाहीत. शर्ट घालायला पाव तास लागतो. पेशंटसमोर हसून वेळ मारून नेतो. मास्तर म्हणाले, आज तुम्ही हात वर करून दाखवत नाही आम्हाला. मी म्हटलं, आता तुमची पाळी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कोपरं गेली. दोन्ही. सरळ होतात, पण वाकवायला गेलं की थोड्याच अंशांवर अडतात. बाई म्हणाल्या, पस्तीस.

हात तोंडाशी जात नाही. सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवून खाली वाकून प्यायलो, जनावर पितं तसा. बरं झालं, कुणी पाहिलं नाही. ही वहीसुद्धा आता खाटेवर ठेवून उभ्यानं, लांब हात करून लिहितोय.

घाबरलोय मी. लिहून टाकलं की बरं वाटेल म्हणून लिहितो. मला भीती वाटतेय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन तास रांगेत, दोन मिनिटं आत. फोटो काढला, सांधे काचेसारखे स्वच्छ आहेत म्हणाले. मी सांगत होतो की हात लावून बघा, वाकवून बघा. त्यांनी टेबलापलीकडूनच माझ्याकडे नजर टाकली, फोन घेतला आणि बोलता बोलता कागदावर लिहिलं, हालचाल पूर्ण. पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

जागचे हलले नाहीत हो! एका बोटानं शिवले नाहीत. असा संताप आला की कागद फाडून टाकावा, पण फाडायला दोन्ही हात एकमेकांजवळ नीट येईनात. बसमध्ये सगळा वेळ त्या माणसाला शिव्या दिल्या. असल्या लोकांचे हात झडले पाहिजेत, असंही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तळहात वर होत नाहीत. पालथेच राहतात. दहा, म्हणाल्या बाई.

ओंजळ होत नाही. किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही. समोरच्या कुलूपवाल्याला हाक मारून दार उघडून घेतलं. तो म्हणाला कुलूप तर लोण्यासारखं आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

वहीच्या शेवटच्या पानाला एक खिसा आहे. तिनंच शिवलेला. आज वही हातातून पडली आणि त्यातून घडी केलेली चिठ्ठी बाहेर आली. मी ती विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

त्यावर लिहिलंय, माझ्या मुलीच्या उजव्या हाताची मापं. मीही याच व्यवसायात आहे. कृपा करून तिला इतक्यात यंत्रावर पाठवू नका.

खांदा ४०.
कोपर ३५.
तळहात वर १०.
मनगट १५.
बोटं २०.
अंगठा ०.

अक्षर मोत्यासारखं आहे. तेच अक्षर. भिंतीवरच्या तक्त्यावर रोज बघतो तेच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाईंच्या खोलीत गेलो. कपाटात ओळीनं रजिस्टरं लावलेली, हातानं शिवलेली, निळ्या दोऱ्यात. टाके सरळ. एकसारखे. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, माझ्या लेकीच्या हातचे आहेत, हात सापडायच्या आधीचे. मग चष्मा पुसत म्हणाल्या की अपघातानंतर तिनं एकच वही शिवली. महिनाभर लागला. टाके किती वाकडे येतात ते तुम्हाला दाखवायला शिवली होती.

मी ती भेट समजलो. आभार मानतेय समजलो. तिच्यासमोर हसलो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी एक ट्रंक घेऊन बस पकडली. दोन थांबे गेलो. पायऱ्यांवरचा दांडा धरता येईना, वाहक म्हणाला, उतरा काका, पडाल. काका! चौतिसावं चालू आहे मला. उतरलो. चालत परत आलो. आणि जाणार तरी कुठे? हे हात बरोबरच येणार.

खांब दारातच होता. अख्खा वळून माझ्याकडे पाहिलं आणि ट्रंक आत नेऊन ठेवली.

सोमवार, ३ मार्च

मनगट. पंधरा.

बाई मोजतात तेव्हा त्यांचे हात फार हलके असतात. पट्टी नीट हाडाच्या रेषेत लावतात, दोनदा तपासतात. असं मोजायचं असतं. असंच मोजायचं असतं.

बुधवार, ५ मार्च

ठरवलं, लिहून टाकतो. कबुली. हात बरा आहे, कामावर पाठवा, असं तिचं कार्ड मी भरलं. शुक्रवारची दुपार होती, पेशंट फार होते, कार्यालयाचा तगादा होता की कारखान्याला माणसं परत पाठवा. चिठ्ठी तिनं दिली होती, पण आईनं घरी घेतलेली मापं कुणी धरत नाही. नियमच तसा आहे. पुढे कापयंत्रावर जे झालं त्याला अनेक कारणं होती. मला वाईट वाटतं.

झालं. लिहिलं.

सोमवार, १० मार्च

बोटं गेली. वीस.

काही उपयोग झाला नाही. पेन अंगठा आणि पहिल्या बोटात खुपसून रबरानं बांधलंय. खांबानं बांधून दिलं. तो म्हणाला, पाच तारखेला तुम्ही लिहिलंत ते खरं नव्हतं. त्यानं वाचलं नव्हतं. माझ्या हातांकडे बघूनच कळतं म्हणाला.

मंगळवार, ११ मार्च

मग हे खरं. पेशंट फार नव्हते. ती एकटीच बाकावर होती. मला गावाला जायचं होतं, बस चारची. खुर्चीतून उठलो नाही. तिच्या हाताला हात लावला नाही. सहा ओळी, सहा आकडे, सगळे पूर्ण. चिठ्ठी वाचली होती. राग आला होता, की आई मोजते तर इथे कशाला येता. तिनं दिलेल्या वहीचा खिसा समोर होता, त्यात कोंबली.

तिसऱ्या दिवशी पातं खाली आलं आणि तिला हात मागे घेता आला नाही. ती चार दिवस जगली. चौकशीत मी कार्ड दाखवलं. म्हटलं, हात पूर्ण बरा होता, निष्काळजीपणा तिचाच. तिच्या आईसमोर म्हटलं. तोंड वर करून. आईकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणून ओळखलं नाही इथे.

बुधवार, १२ मार्च

खांबानं सांगितलं. तो त्या कारखान्यात मुकादम होता. चौकशीत म्हणाला होता की पातं पडायच्या आधी मी तिला हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. हाक मारलीच नव्हती. मग त्यालाही पत्र आलं, नोकरीचं. मान गेली. पुढे पाठ जाणार होती. त्यानं सगळं खरं लिहिलं आणि खाली तिचं नाव लिहिलं, तिथे थांबलं. आता बाई दर सोमवारी त्याची मान मोजतात. महिन्याला एखादा अंश सुटतेय.

नाव लिहा, म्हणाला. टाकेवाली नाही. नाव.

मी म्हटलं, तूच सांग. म्हणाला, ते ज्याचं त्यानं आठवायचं असतं, मी सांगितलेलं चालणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

आठवत नाही. महिनाभर समोर बसत होती ती. निळी ओढणी आठवते, हाताला खळीचा वास आठवतो. नाव —

बाईंच्या पाया पडलो. वाकता येतं अजून. म्हटलं, एकदा सांगा. त्या म्हणाल्या, एकदा विचारलं असतंत तर तिनं आनंदानं सांगितलं असतं. तिला फार आवडायचं तिचं नाव. आणि म्हणाल्या, सोमवारी मापं आहेत.

कीव नव्हती चेहऱ्यावर. रागही नव्हता. काम नीट चाललंय असं समाधान होतं.

शुक्रवार, १४ मार्च

जुन्या इस्पितळात फोन. नंबर खांबानं फिरवला. कारकुनानं तारखेवरून कार्ड शोधलं. म्हणाला, सगळं भरलंय, फक्त नावाच्या जागी नुसती रेघ आहे. सही तुमचीच.

शनिवार, १५ मार्च

आतला पुठ्ठा! नाव आत घालते म्हणाली होती — वही माझ्याच हातात — दीड महिना माझ्याच —

कागद घट्ट बसलाय. कोपरा धरायला चिमूट लागते. चिमूट होत नाही. पाणी लावलं तर शाई जाईल. घासलं, खरवडलं. बोटं नुसती घसरतात. खांब म्हणतो, ज्याचं त्यानं.

रविवार, १६ मार्च

दातांनी. वही खाटेवर, मी गुडघ्यांवर. कोपरा सुटतोय. हिरडीतून रक्त येतंय, कागदावर पडू नये म्हणून थांबत थांबत —

एक बोटभर सुटला. अजून नुसता पुठ्ठा. खळीची चव. तिच्या हाताला यायचा तोच वास.

अंगठा अजून हलतोय. सारखा हलवून बघतो. पहिलं बोट. मधलं. तिसऱ्यापर्यंत जातो. करंगळीपर्यंत — नाही.

सोमवार, १७ मार्च

उजाडलंय. कागद अर्धा —

शाईची रेघ दिसली. अक्षराचं टोक. जरासा अजून —

बाई जिना चढतायत. दर सोमवारी खाली बोलावतात, आज स्वतःच वर. कोनमापकाच्या पट्ट्या वाजतायत.

पेन घसरतंय. दोन्ही हातांत दाबून —

दिसलं. वाचलं. किती साधं. दोनच अक्षरं — ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आठवलं, बाकावर बसताना म्हणाली होती, मी ऐकलं होतं —

दार वाजलं. थांबा. एक मिनिट थांबा. लिहितोय. तिचं नाव